छतावरच्या विजेचा खरा मोबदला : तंजावरच्या वीजबिलातून उलगडणारे सौरऊर्जेचे गणित

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या शहरात घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवू इच्छिणाऱ्या ग्राहकाला विक्रेत्याकडून बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : ‘किती किलोवॉट बसवायचे?’ ग्राहकाच्या हिताचा प्रश्न मात्र निराळा आहे. छतावर तयार होणारे प्रत्येक युनिट आपल्या बिलातील नेमक्या कोणत्या युनिटाची जागा घेणार, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर ज्याला ठाऊक आहे, त्याचे पैसे दोन-तीन वर्षांत वसूल होऊ शकतात. ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याच पॅनेलसाठी दहा-अकरा वर्षे वाट पाहावी लागू शकते.

तंजावरचे आणि मराठी माणसाचे नाते साडेतीनशे वर्षांचे आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते आणि त्या काळात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांत आजही घरात मराठी बोलली जाते. या कुटुंबांचे नातलग महाराष्ट्रात आहेत, तसेच बंगळुरू आणि चेन्नईतही आहेत. सौर संचाबाबतचा सल्ला साहजिकच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. पुण्यातील नातलगाला लाभदायक ठरलेली योजना तंजावरमध्ये तशीच लाभदायक ठरेलच असे नाही, कारण प्रत्येक राज्याची दररचना वेगळी असते. तंजावरचे बिल उलगडून पाहिले, तर अन्य राज्यांतील ग्राहकालाही आपले गणित मांडण्याची रीत सापडते.

अनुदान किती, कुणाला

‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ या केंद्र सरकारच्या योजनेला मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली. ७५,०२१ कोटी रुपयांच्या या योजनेतून २०२६-२७ पर्यंत देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८ हजार रुपये असे अनुदान मिळते. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी अनुदानाची कमाल मर्यादा ७८ हजार रुपये आहे. म्हणजेच चौथ्या किलोवॉटपासून पुढचा सर्व खर्च ग्राहकाचा असतो.

या आकड्यांमागे सरकारने धरलेली आधारभूत किंमत पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्यासाठी ४५ हजार रुपये अशी आहे. पहिल्या भागाच्या ६० टक्के आणि पुढच्या भागाच्या ४० टक्के रक्कम अनुदान म्हणून दिली जाते. बाजारातील प्रत्यक्ष किंमत पॅनेलचा प्रकार, सांगाडा आणि गच्चीची उंची यांनुसार याहून जास्त असू शकते. सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वीचे दरपत्रक हाती असल्यास ते नव्याने मागवावे.

तमिळनाडूचे बिल : दर टप्प्याला वेगळी किंमत

तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांतून एकदा येते. राज्य सरकारच्या अनुदानामुळे २०१६ पासून प्रत्येक घराला दोन महिन्यांमागे पहिली १०० युनिटे मोफत आहेत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार, दोन महिन्यांचा वापर ५०० युनिटांपर्यंत असल्यास १०१ ते २०० या टप्प्याला प्रतियुनिट २ रुपये ३५ पैसे, २०१ ते ४०० या टप्प्याला ४ रुपये ७० पैसे आणि ४०१ ते ५०० या टप्प्याला ६ रुपये ३० पैसे पडतात.

वापर ५०० युनिटांच्या पुढे गेला की २ रुपये ३५ पैशांची सवलत संपते. मग १०१ ते ४०० या संपूर्ण टप्प्याला ४ रुपये ७० पैसे द्यावे लागतात. पुढे ५०१ ते ६०० साठी ८ रुपये ४० पैसे, ६०१ ते ८०० साठी ९ रुपये ४५ पैसे, ८०१ ते १,००० साठी १० रुपये ५० पैसे आणि त्यावर ११ रुपये ५५ पैसे असा दर आहे. त्यामुळे ५०० युनिटांचे बिल १,८०५ रुपये होते, तर ५०१ युनिटांचे सुमारे २,०४८ रुपये. एका युनिटाने बिल २४३ रुपयांनी वाढते.

सौर संचाचा लाभ या उतरंडीवर अवलंबून आहे. नेट मीटरिंगमध्ये छतावरून जाळ्यात गेलेली युनिटे जाळ्यातून घेतलेल्या युनिटांतून वजा होतात आणि उरलेल्या निव्वळ युनिटांवर बिल आकारले जाते. ही वजाबाकी वरच्या, म्हणजे सर्वांत महागड्या टप्प्यापासून सुरू होते. म्हणून छतावरचा पहिला किलोवॉट सर्वांत महाग वीज वाचवतो, दुसरा त्याहून स्वस्त वीज वाचवतो आणि शेवटचा किलोवॉट कदाचित मोफत मिळणारी वीजच ‘वाचवत’ बसतो.

एका घराचे उदाहरण

दोन महिन्यांत ८०० युनिटे वापरणारे घर घेऊ. एक वातानुकूलन यंत्र, शीतकपाट, पाण्याचा पंप आणि पंखे असलेल्या घरात उन्हाळ्यात इतका वापर होऊ शकतो. हिशेबाच्या सोयीसाठी तो वर्षभर सारखा धरला आहे. या घराचे बिल ४,७७० रुपये होते. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटे, म्हणजे दोन महिन्यांत साधारण २४० युनिटे तयार करतो असे धरू.

पहिल्या किलोवॉटनंतर निव्वळ वापर ५६० युनिटांवर येतो आणि बिल २,५४४ रुपये होते. बचत २,२२६ रुपयांची, म्हणजे प्रत्येक सौर युनिटाचे मोल ९ रुपये २७ पैसे. दुसऱ्या किलोवॉटनंतर निव्वळ वापर ३२० युनिटे आणि बिल ७९९ रुपये. आणखी १,७४५ रुपये वाचतात आणि युनिटाचे मोल ७ रुपये २७ पैसे ठरते. तिसऱ्या किलोवॉटनंतर निव्वळ वापर ८० युनिटांवर येऊन बिल शून्य होते. पण या तिसऱ्या किलोवॉटची स्वतःची बचत केवळ ७९९ रुपये असते. येथे युनिटाचे मोल ३ रुपये ३३ पैशांवर घसरते. चौथा किलोवॉट तर मोफत युनिटांचीच जागा घेतो. त्याने बिलात एक पैसाही वाचत नाही आणि त्याला केंद्राचे अनुदानही नाही.

वर्षाच्या हिशेबात पहिले दोन किलोवॉट सुमारे २३,८०० रुपये वाचवतात, तर तिसरा सुमारे ४,८०० रुपये. बाजारभाव प्रतिकिलोवॉट ७० हजार रुपये धरला, तर अनुदान वजा जाता पहिल्या दोन किलोवॉटचा ८० हजारांचा खर्च साडेतीन वर्षांच्या आत भरून निघतो. तिसऱ्या किलोवॉटच्या ५२ हजारांना जवळपास अकरा वर्षे लागतात. प्रत्यक्षात संच मोठा होत जाईल तसा प्रतिकिलोवॉट खर्च काहीसा कमी होतो, त्यामुळे ही दरी थोडी अरुंद होऊ शकते. पण ती नाहीशी होत नाही.

छोट्या ग्राहकाचे चित्र याहून बोलके आहे. दोन महिन्यांत ३०० युनिटे वापरणाऱ्या घराचे बिल ७०५ रुपये असते. एका किलोवॉटने ते शून्यावर येते आणि वर्षाला ४,२३० रुपये वाचतात. मात्र २०० युनिटांच्या घराचे बिलच मुळात २३५ रुपये आहे. तेथे वर्षाची कमाल बचत १,४१० रुपयेच. सरकारी आधारभूत किमतीनुसार अनुदानानंतर एका किलोवॉटला २० हजार रुपये लागतात असे धरले, तरी ते वसूल व्हायला चौदा वर्षे लागतील. अशा कुटुंबाने कर्ज काढून संच बसवण्यापूर्वी दोनदा विचार केलेला बरा. ज्याचे बिल आधीच सरकारने हलके केले आहे, त्याच्यासाठी छतावर वाचवण्यासारखे फारसे उरत नाही.

जादा विजेचे पैसे : अपेक्षा आणि वास्तव

‘जास्त वीज तयार करा आणि ती विका’ हे वाक्य विक्रीच्या बोलण्यात हमखास येते. प्रत्यक्षात घरगुती नेट मीटरिंग ही विक्रीपेक्षा अदलाबदलीची व्यवस्था आहे. दुपारी दिलेले युनिट रात्री परत मिळते. एका बिलात उरलेली युनिटे पुढच्या बिलात ओढली जातात. हिशेबाच्या वर्षाअखेरीस तरीही काही युनिटे शिल्लक राहिली, तर त्यांचा निपटारा राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने होतो. हा दर घाऊक वीजखरेदीच्या किमतीशी जोडलेला असतो. ग्राहक जाळ्यातील विजेसाठी वरच्या टप्प्यात मोजतो त्या किमतीशी त्याचा संबंध नसतो.

मीटरिंगच्या तीन रीती ध्यानात ठेवाव्यात. नेट मीटरिंगमध्ये युनिटाला युनिट वजा होते. नेट बिलिंग अथवा नेट फीड-इनमध्ये घेतलेल्या विजेला किरकोळ दर आणि दिलेल्या विजेला कमी, ठरावीक दर लागतो. हिशेब रुपयांत होतो. ग्रॉस मीटरिंगमध्ये छतावरची सर्व वीज थेट जाळ्यात जाते आणि तिचे ठरावीक दराने पैसे मिळतात. तमिळनाडू वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या आदेशाने घरगुती ग्राहकाला नेट मीटरिंगचा मार्ग खुला केला. त्यापूर्वी २०१९ च्या आदेशात नेट फीड-इनची पद्धत होती. नियम बदलतात, याचे हे जवळचे उदाहरण. अर्ज करताना आपण कोणत्या रीतीच्या करारावर स्वाक्षरी करत आहोत, हे वाचूनच घ्यावे. याच २०२१ च्या आदेशात वीजजाळे वापरण्याच्या आकाराचीही तरतूद आहे. आपल्या क्षमतेच्या घरगुती संचाला तो लागू होतो का आणि किती, हे वितरण कंपनीच्या विभागीय कार्यालयातून लेखी विचारून वरच्या हिशेबात धरावे.

दिवसा वीज वापरण्याचा सल्लाही रीतीनुसार बदलतो. नेट बिलिंग असेल, तर पंप, धुलाई यंत्र आणि इस्त्री दुपारी चालवणे थेट फायद्याचे असते, कारण बाहेर गेलेल्या युनिटाला कमी भाव मिळतो. पूर्ण नेट मीटरिंगमध्ये दुपारी वापरलेल्या आणि रात्री वापरलेल्या युनिटाचा हिशेब सारखाच होतो. तेथे वेळापत्रक बदलण्यापेक्षा संचाचा आकार नेमका ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

जगभरातील कल पाहता जादा विजेच्या मोबदल्यावर दीर्घकाळ विसंबणे धोक्याचे आहे. ब्रिटनने छतावरील विजेला हमीभाव देणारी जुनी योजना २०१९ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद केली आणि २०२० पासून पुरवठादार कंपन्यांनी आपापला दर द्यावा अशी व्यवस्था आणली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या निर्यात विजेचा मोबदला मोठ्या प्रमाणात घटवला. कारण सर्वत्र एकच आहे. दुपारी सर्वांच्या छतांवर एकाच वेळी वीज तयार होते आणि मागणीचा कळस मात्र सूर्यास्तानंतर येतो. भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली. दुपारची वीज जसजशी मुबलक होईल, तसतसे तिचे मोल कमी होण्याची शक्यता आहे.

महाराष्ट्रातील ग्राहकासाठी फरक कोणता

महाराष्ट्रात बिल दरमहा येते आणि महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तमिळनाडूसारखी सर्वांसाठी सरसकट मोफत युनिटे येथे नाहीत. त्यामुळे खालच्या टप्प्यातील सौर युनिटालाही येथे काही मोल असते. शिल्लक युनिटांचा वार्षिक हिशेब ३१ मार्चला होतो.

मात्र येथे वेळेचा प्रश्न पुढे आला आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने दिवसाच्या वेळेनुसार दर आकारण्याची दिशा दिली. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून वेळनिहाय मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांची सवलत लागू झाली. दुपारची वीज स्वस्त होत गेली, तर दुपारी दिलेल्या युनिटाच्या बदल्यात रात्रीचे युनिट मिळणे हा सौर ग्राहकाचा सर्वांत मोठा लाभ ठरतो. आणि नियामक आयोगांपुढे वादही त्याच मुद्द्यावर होत आहेत.

तंजावरचे ऊन, नारळ आणि वादळ

कागदावरचा हिशेब गच्चीवर उतरतो तेव्हा स्थानिक हवामान हस्तक्षेप करते. तंजावर सुमारे ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे पॅनेल दक्षिणेकडे साधारण दहा-अकरा अंश कललेले असले तरी पुरते. नागपूर किंवा जळगावसारख्या २१ अंशांवरील शहरातील सांगाड्याचा अधिक उतार येथे जसाच्या तसा आणू नये. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत येथे मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. मात्र पॅनेल अगदी सपाट ठेवल्यास पावसाने धूळ वाहून जात नाही.

कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हा समज अर्धाच खरा आहे. पॅनेलची नोंदवलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर दहा टक्क्यांहून अधिक घट होते. पॅनेलखाली हवा खेळती राहील इतकी जागा सोडणे म्हणूनच आवश्यक आहे. दुसरीकडे, येथे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो आणि त्या दोन-तीन महिन्यांत उत्पादन उतरते. वर्षाचा अंदाज केवळ मार्च-एप्रिलच्या आकड्यांवरून बांधू नये.

जिल्ह्यातील पट्टुकोट्टई आणि पेरावुरणी हा नारळाचा पट्टा आहे. नारळाच्या झावळीची छोटी सावलीही महागात पडते, कारण एका माळेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली तरी त्या माळेचे उत्पादन खालावू शकते. गच्चीवर सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावली कुठे पडते, हे आधी पाहावे. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते.

वादळाचा मुद्दा याहून गंभीर आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमदरम्यान किनाऱ्यावर धडकले. तंजावर जिल्ह्यातही विजेचे खांब आणि नारळाची झाडे मोठ्या संख्येने उन्मळून पडली आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. छतावर पॅनेल असले की अशा वेळी घरात वीज राहील, असा अनेकांचा समज असतो. जाळ्याशी जोडलेला साधा संच मात्र बाहेरचा पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला तारेतून धक्का बसू नये, यासाठी ही रचना अनिवार्य असते. पुरवठा नसताना वीज हवी असेल, तर बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. केंद्राचे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीच्या खर्चावर नाही. सांगाडा स्थानिक वाऱ्याच्या वेगासाठी योग्य आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. विमा काढताना वादळाचे नुकसान त्यात समाविष्ट आहे का, तेही पाहावे.

कागदपत्रे आणि करार

योजनेचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो आणि नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच काम करून घ्यावे लागते. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सौर घटांची पॅनेल बंधनकारक आहेत. आयात घटांची स्वस्त पॅनेल बसवल्यास अनुदान मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त करून दहा किलोवॉटपर्यंतच्या संचांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीतून सूट दिली आणि संच सुरू करून देण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली. संच बसल्यावर नेट मीटर लागतो, तपासणी होते आणि त्यानंतर अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. तोपर्यंतचा पैसा ग्राहकाला स्वतः किंवा कर्जातून उभा करावा लागतो.

करारात तीन बाबी स्पष्ट असाव्यात. पहिली, पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याने करणे योजनेनुसार अपेक्षित आहे. ती लेखी हवी. दुसरी, पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असली, तरी इन्व्हर्टरची हमी त्याहून बरीच कमी असते. तो बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा. तिसरी, वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने अर्ज होतो. तंजावरच्या जुन्या वाड्यांप्रमाणेच महाराष्ट्रातील अनेक वडिलोपार्जित घरांतही जोडणी आजोबांच्या नावावर आणि गच्ची चार भावांच्या सामाईक मालकीची असते. आधी नावबदल आणि लेखी संमती, मग अर्ज, हाच क्रम योग्य.

निर्णयापूर्वीची तयारी

सल्लागाराकडे जाण्यापूर्वी ग्राहकाने मागील एक वर्षाची बिले समोर ठेवावीत. तमिळनाडूत ती सहा असतील, महाराष्ट्रात बारा. प्रत्येक बिलातील युनिटे लिहून त्यातील सर्वांत महागड्या टप्प्यात किती युनिटे जातात, हे पाहावे. मग एक, दोन आणि तीन किलोवॉट असे वेगवेगळे हिशेब मांडून प्रत्येक वाढीव किलोवॉटने किती रुपये वाचतात, ते स्वतंत्रपणे काढावे. वाढीव किलोवॉटची वार्षिक बचत त्याच्या अनुदानोत्तर खर्चाच्या दहाव्या भागाहून कमी भरत असेल, तर तेथे थांबणे शहाणपणाचे. पुढील काही वर्षांत वातानुकूलन यंत्र किंवा विजेवरील दुचाकी घेण्याचा विचार असल्यास तो वापरही धरावा. अशा वेळी वाढीव क्षमतेला अर्थ असतो.

विक्रेत्याकडील दरपत्रकात ‘बिल शून्य’ असा शब्द असेल, तर शून्यापर्यंतचा शेवटचा टप्पा किती रुपयांना पडतो, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. तंजावरच्या उदाहरणातील घराचे बिल दोन किलोवॉटनंतर ७९९ रुपये उरते. त्या घराला ते शून्यावर आणण्यासाठी ५२ हजार रुपये मोजायचे, की तेवढे बिल दोन महिन्यांतून एकदा भरत राहायचे, हा निर्णय कुटुंबाचा आहे. मात्र तो हे आकडे पाहून घेतलेला असावा.